डॉक्टरीणबाईंच्या बॅगेतलं काडतूस

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगायला मला थोडं थांबावं लागतं. नांदेडच्या विमानतळावरून आलेल्या त्या फोनचं मात्र तसं होत नाही. ती सकाळ आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. त्यातली माणसं अजून याच भागात राहतात, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही.

ज्या ठाण्याच्या हद्दीत विमानतळ येतो, तिथे मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने येऊन सांगितलं की विमानतळावर एका बाईच्या बॅगेत जिवंत काडतूस सापडलं आहे आणि बाई सुरक्षा कर्मचाऱ्यांशी भांडत आहेत. बॅगेत काडतूस सापडणं फार नवलाचं नाही. घरात परवान्याची बंदूक असते, एखादं काडतूस जुन्या बॅगेच्या कोपऱ्यात राहून जातं आणि तपासणीच्या मशीनमध्ये दिसतं. हेही तसलंच असणार, असं धरून मी एक महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो.

बाई भोकर तालुक्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होत्या. वय चाळिशीच्या आसपास, माहेर उदगीरकडचं, कर्नाटकच्या सीमेलगत. त्यांच्या हद्दीतले काही तांडे डोंगरात होते. पक्का रस्ता पायथ्याला संपायचा, पुढे जीप जायची नाही, मोटरसायकल घसरत अर्ध्या वाटेपर्यंतच पोचायची. गाय अडली की निरोप यायचा आणि बाई चालत पोचेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असायचा. म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने एक जुनी एटीव्ही घ्यायचं ठरवलं होतं. चार जाड चाकांची आणि मोटरसायकलसारखं हँडल असलेली ही गाडी पर्यटनाच्या ठिकाणी वाळूत फिरवतात, ती बऱ्याच वाचकांनी पाहिली असेल. रस्त्यावर चालवायची तिला परवानगी नसते, पण बाईंना ती डोंगराच्या पायथ्याशी ठेवून तिथून पुढेच वापरायची होती. बेंगळुरूजवळच्या एका आमराईच्या मालकाकडे अशी गाडी विकायला होती. रजा थोडी, म्हणून त्या विमानाने निघाल्या होत्या. आयुष्यातला पहिला विमानप्रवास.

तपासणीच्या रांगेतच त्यांचं डोकं फिरलं होतं. जुनी गाडी नीट पारखून घ्यावी म्हणून त्यांनी पाना, स्क्रूड्रायव्हर आणि टायरची हवा बघायचं मीटर हातातल्या बॅगेत घेतलं होतं. ते एकेक करून बाजूला काढलं गेलं. बूट काढा, घड्याळ काढा, पुन्हा मागे जा, पुन्हा या. प्रत्येक जण वेगळं सांगत होता. बाईंनी आवाज चढवला. आधीच सांगितलं असतं तर मोठ्या बॅगेत टाकलं असतं, असं त्या म्हणत राहिल्या, आणि त्यात चूक काही नव्हती. पण तेवढ्यात बाजूच्या कप्प्यात काडतूस दिसलं, आणि मघाचा तो राग त्यांच्या अंगावर उलटला. काहीतरी लपवायचं होतं म्हणूनच या भांडत होत्या, असा अर्थ तिथल्या माणसांनी काढला. विमान त्यांना सोडून गेलं.

मी पंचांसमोर काडतूस जप्त केलं. बारा बोरचं, जुनाट, पितळेचा भाग काळवंडलेला. बाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू कुणी चुकून दुसऱ्याचीच वस्तू त्यांच्या हाती दिली होती. त्यांचे यजमान बाहेर वाहनतळावर थांबलेले होते. बाईंना सोडायला आले होते ते. लहान विमानतळावर माणसं विमान उडाल्यावरही जरा वेळ थांबतात, त्यामुळे तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

यजमान एका शाळेत शिक्षक. मोठ्याने बोलायची सवय नसलेले, नीटनेटके. ठाण्यात आल्याबरोबर त्यांनी माझे हात धरले. "साहेब, ती लई कष्टाळू हाय. तिची नोकरी जाईल," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते खरंही होतं. शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवावा लागणार होता, आणि सरकारी नोकर अटकेत राहिला की निलंबन जवळपास ठरलेलं. अटक न करता नोटीस देऊन भागेल का, हे मी वरिष्ठांना विचारून ठेवलं. पण त्यासाठी काडतूस बॅगेत आलं कसं, याचा काहीतरी पटणारा खुलासा हाती हवा होता.

बाईंचा जबाब मी महिला कक्षात बसून घेतला. बॅग नवी कोरी होती, याच प्रवासासाठी नांदेडच्या बाजारातून आणलेली. म्हणजे जुन्या बॅगेत विसरून राहिलं, हा माझा अंदाज तिथेच संपला. कुणीतरी ते ठेवलं होतं. कुणाशी वैर आहे का, असं विचारल्यावर त्यांनी एका बोगस डॉक्टरचं नाव घेतलं. तांड्यांवर जनावरांना भलतीच इंजेक्शनं देणाऱ्या त्या माणसाचा धंदा बाईंच्या तक्रारीमुळे बंद पडला होता. मी लगेच भोकरला माणूस पाठवला. पण तो पठ्ठ्या महिनाभर लातूरला भावाकडे राहत होता आणि बाईंच्या घराच्या फाटकातही कधी आलेला नव्हता. बॅग घरातच होती. ज्याने काडतूस ठेवलं त्याला घरात वावर होता, आणि काडतूस मिळण्याची सोयही होती.

"घरात किंवा नात्यात कुणाकडे बंदूक?" मी विचारलं.

बाई जरा आठवून म्हणाल्या, की सासऱ्यांकडे होती. गावाकडच्या शेतात रानडुकरं फार, त्यासाठी परवाना काढलेला. सासरे वारल्यावर सरांनीच ती त्या भागातल्या ठाण्यात नेऊन जमा केली. घरात आणि बाहेरही त्या नवऱ्याला सरच म्हणत.

मी बाहेर आलो आणि सरांना तोच प्रश्न विचारला. ते पटकन म्हणाले, "न्हाई साहेब. आमच्या घराण्यात बंदूक कुणाकडंच नव्हती."

पोलिसात राहिलेल्या माणसाला खोटं ऐकायची सवय असते. बहुतेक खोटं स्वतःला वाचवण्यासाठी बोललेलं असतं, ते समजतं. पण हे खोटं मला कळेना. ठाण्यात नवरा आला आहे, बायको अडकली आहे, आणि वडिलांच्या बंदुकीची गोष्ट सांगितली तर ती सुटायला मदत होणार आहे. कुणीही शहाणा माणूस ती गोष्ट न विचारता सांगेल. वडिलांचं जुनं काडतूस घरात कुठे पडलं असेल, चुकून गेलं असेल, म्हणून हात जोडेल. हे गृहस्थ मात्र तीच एक गोष्ट झाकत होते. आणि मग वाहनतळही आठवला. ते विमान उडताना पाहायला थांबले होते, की बायको परत येणार हे त्यांना ठाऊक होतं?

गावाकडच्या ठाण्यात फोन केला. बंदूक खरंच जमा होती, आणि जमा करणारे सरच होते.

मी सरांना ठाण्यामागच्या अंगणात नेलं. तिथे लिंबाखाली दोन खुर्च्या असायच्या. टेबलापलीकडून विचारलेल्या प्रश्नाला माणूस तयार उत्तर देतो, झाडाखाली तसं होत नाही, हा माझा अनुभव आहे. चहा मागवला. बंदुकीचं मला कळलं आहे, हे सरळ सांगितलं. त्यांनी मान खाली घातली आणि चहाला हात लावला नाही. दटावून काही उपयोग नव्हता. असा माणूस दटावला की आणखी मिटतो.

तेवढ्यात आमचे एक हवालदार बाहेर आले. ते देगलूरचे, कन्नड चांगली बोलत. बाई खरोखर गाडी घ्यायलाच निघाल्या होत्या ना, याची खातरजमा करायला मी त्यांना त्या विकणाऱ्या माणसाला फोन लावायला सांगितलं होतं. फोन लागला होता, पण समोरच्याला नीट ऐकू येत नव्हतं. हवालदार ओरडून बोलत होते आणि फोनचा आवाज मोठा ठेवला होता. पलीकडून एक थकलेला, कापरा आवाज येत होता. मधे खोकला, मधे धाप.

सर खुर्चीत ताठ झाले. "काय म्हणून राहिला तो?"

हवालदारांनी फोनवर हात ठेवला. "म्हणतो, मुलगी अजून आली न्हाई. विमानतळावर गडी पाठवलाय. बरी हाय का विचारून राहिला. तिला फोन द्या म्हणतो, घाबरली असेल."

"म्हातारा हाय तो?"

"हाव. पंचाहत्तरीच्या पुढचा असेल. गुडघे गेलेत, गाडीवर बसवत न्हाई म्हणून विकून राहिला."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हवालदार फोन घेऊन आत गेले. मग सर आपणहून बोलू लागले.

गाडीचा व्यवहार ठरत होता तेव्हा बाई रोज संध्याकाळी अंगणात उभ्या राहून फोनवर कन्नडमधून बोलायच्या. माहेरची भाषा, खूप दिवसांनी तोंडात आलेली. हसायच्या, मोठ्याने बोलायच्या. समोरच्याला ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने, हे सरांना माहीत नव्हतं. एक गृहस्थ आहेत, एवढंच बाईंनी सांगितलं होतं. सर खिडकीत बसून ऐकायचे आणि एक अक्षर कळायचं नाही. एक शब्द मात्र सारखा यायचा. तो त्यांनी पाठ केला आणि बसस्टँडजवळच्या एका कर्नाटकी हॉटेलवाल्याला जाऊन विचारला.

"बर्तीनी," ते म्हणाले. "रोज फोन ठेवताना म्हणायची, बर्तीनी. हॉटेलवाल्यानं सांगितलं, म्हणजे 'येते'."

प्रवासाला सोबत येतो म्हणाले, तर बाईंनी शाळेच्या परीक्षा आहेत म्हणून नको म्हटलं. ते मनात रुतलं. पण बोलता बोलता आणखी जुनं बाहेर यायला लागलं, आणि मला वाटतं खरं दुखणं तेच होतं. ते पंधरा-वीस वर्षं शिक्षक होते. पण तालुक्यात कुठेही गेले तरी लोक त्यांना डॉक्टरीणबाईंचे मालक म्हणून ओळखायचे. रस्त्यालगतच्या तांड्यांवर बाईंना पाटावर बसवायचे, ओवाळायचे, आणि हे बाजूला मोटरसायकल धरून उभे. आता ती चार चाकांची गाडी आली की बाईंना डोंगरात न्यायलाही त्यांची गरज उरणार नव्हती.

"मोटरसायकलवर मागं तरी बसायची साहेब," ते म्हणाले. "तेवढं तरी माझं होतं."

वडिलांच्या पेटीत एक काडतूस राहून गेलं होतं. ते त्यांनी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सरकवलं. विमानतळावर काढून घेतील, बाईंना माघारी पाठवतील, अपमान होईल आणि गाडीचं खूळ उतरेल, एवढाच त्यांचा हिशेब. गुन्हा दाखल होतो, नोकरीवर येतं, हे त्यांना ठाण्यात आल्यावर कळलं. आणि कळल्यावरही त्यांनी तोंड उघडलं नाही.

बाईंना हे मीच सांगितलं. महिला शिपायाने त्यांच्यासाठी पाणी आणून ठेवलं होतं. त्या रडतील असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. एकदा त्यांना भेटू द्या, म्हणाल्या. मी शिपायाला खोलीत ठेवून भेट करून दिली. मी दारात होतो.

बाईंनी आवाज चढवला नाही. "मला का न्हाई विचारलं?" त्या म्हणाल्या. "अंगणातच होते मी. खिडकीतून विचारायचं, काय बोलून राहिली म्हणून. सांगितलं असतं."

सर जमिनीकडे बघत राहिले.

मी बाईंना म्हटलं, की तुमच्या जबाबावर सरांचं पुढचं ठरणार आहे, हवं तर उद्या या, विचार करून या. त्या म्हणाल्या, लिहून घ्या. आणि बंदुकीपासून बॅगेपर्यंत जे माहीत होतं तेवढंच, वाढवून नाही आणि झाकून नाही, त्यांनी सांगितलं. त्यांना त्या काडतुसाची जाणीव नव्हती आणि म्हणून कायद्याच्या अर्थाने त्यांचा ताबाही नव्हता, असा अहवाल मी पाठवला. बाईंचं नाव गुन्ह्यातून निघालं, नोकरी राहिली. सरांवर दोषारोपपत्र गेलं. ते काही दिवस आत राहिले, जामिनावर सुटले, शाळेतून निलंबित झाले आणि नंतर लातूरला बहिणीकडे राहायला गेले.

निवृत्तीच्या आधी एका बंदोबस्तासाठी मी भोकरकडे गेलो होतो. परतताना डोंगराच्या पायथ्याला बाई दिसल्या. गाडी त्यांनी शेवटी आणली होती, रेल्वेने जाऊन. चिखलाने माखलेली ती गाडी उभी करून त्या हात धूत होत्या. मला ओळखून त्यांनी जवळच्या टपरीवाल्याला चहा करायला सांगितला. सरांची चौकशी करावी की नाही, या विचारात मी होतो, तर त्यांनीच विषय काढला.

"अधूनमधून फोन येतो त्यांचा," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल काही विचारत न्हाईत. गाडी नीट चालते का, तेवढंच विचारतात."

"तुम्ही काय सांगता?"

"चालते म्हणते. मग ते बराच वेळ फोन धरून राहतात, अन् मी पण ठेवत न्हाई."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खून पाहिले. त्यात मत्सर पुष्कळदा होता, पण तो शेजाऱ्याचा, भाऊबंदाचा, हद्दीच्या बांधावरचा. तो ओळखायला मी शिकलो होतो. एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवणाऱ्या माणसाच्या मनातला मत्सर मला या प्रकरणाने दाखवला. तो वैऱ्यासारखा दिसत नाही. तो बॅग उचलून गाडीपर्यंत नेतो, ठाण्यात येऊन हात धरतो, आणि त्याचा कळवळाही खरा असतो. सरांनी अनोळखी हॉटेलवाल्याला शब्दाचा अर्थ विचारला, पण चार पावलांवर उभ्या असलेल्या बायकोला विचारला नाही. याचं कारण मी बरेच दिवस शोधत होतो. आता मला वाटतं, तिचं उत्तर साधं असेल याचीच त्यांना भीती होती. साधं उत्तर मिळालं असतं, तर मनात जे जळत होतं त्याला दुसऱ्या कुणाचं नाव देता आलं नसतं, आणि ते आपलंच आहे हे मान्य करावं लागलं असतं.