सात बटणं

छोट्या म्हणजे सहा फुटी धिप्पाड माणूस, वय वर्षं त्र्याहत्तर. पस्तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेला. बायको वारली होती, मुलगी दूरदेशी. त्याला ‘छोट्या’ म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, त्याची शहाण्णव वर्षांची आई.

तिला तो तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. साडेसातला अंघोळ, आठला भरवणं, नऊला खिडकीजवळची खुर्ची. मिनिटही इकडचं तिकडे नाही. आईला चमचा धरताच येत नव्हता असं नाही, पण वाटी संपायला पाऊण तास लागायचा आणि निम्मं मांडीवर सांडायचं. “राहू दे, मी आहे ना,” म्हणत त्याने चमचा काढून घेतला. मग कंगवा. मग दारापर्यंतचं चालणंही. तीन वर्षांत आईचं बोलणं ‘हं’ आणि ‘नको’वर आलं. शेजारीपाजारी म्हणायचे, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. त्यालाही ते पटायचं.

एका गुरुवारी न्हाणीघरात त्याचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मदतीला बाई मिळाली, पण ती येणार सोमवारी.

शुक्रवारी सकाळी तो आईसमोर उभा राहून डाव्या हाताने शर्टाच्या बटणांशी झटापट करत होता. एकही लागेना.

“छोट्या, इकडे ये. खाली बस.”

तो दचकलाच. कित्येक महिन्यांत आई अख्खं वाक्य बोलली नव्हती.

“राहू दे गं, होईल.”

“बस म्हटलं ना!”

तो पाटावर बसला. आईची बोटं आल्याच्या कांड्यांसारखी वाकडी झालेली, थरथरणारी. पहिलं बटण हाती लागलं, निसटलं, परत लागलं. रस्त्यात जरा कोणी रेंगाळलं की हॉर्न वाजवणारा माणूस तो! पण आता जायचं तरी कुठे?

मग त्याच्या लक्षात आलं, आई बटणाकडे बघतच नव्हती. चाळीस वर्षं तिने पुस्तकांची बांधणी केली होती. अंगठ्याने कागदाची कड चाचपायची, मग नेमक्या जागी दाभण. तसंच ती आता आधी कड चाचपत होती, मग काज. आणि थरथर? बोट बटणाला टेकेपर्यंत होती. टेकलं की थांबायची. आपण हे हात रोज साबणाने धुतले, पुसले, आणि यांच्यात काय आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं!

सात बटणं. बावीस मिनिटं.

“तुला जमत होतं,” तो कसाबसा म्हणाला, “मग बोलली का नाहीस?”

“तुला घाई असायची.” कॉलर सारखी करत ती थांबली. “आणि सून गेल्यापासून तुला दुसरं काय होतं रे? मला भरवताना तुझा चेहरा फुलायचा. म्हटलं, करू दे.”

तीन वर्षं तो समजत होता की तो आईला सांभाळतोय.

सोमवारी बाई आली, तेव्हा आईच तिला म्हणाली, “तू नुसती जवळ उभी राहा. पडले तर धर.” आई बटाटे सोलू लागली. सालाबरोबर निम्मा बटाटाही जायचा. एखाद्या दिवशी तिला उठवतही नसे. तेव्हा छोट्या विचारायचा, “मी करू, की तू करतेस?” आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. हे थांबणं त्याला बस शिकण्यापेक्षा जड गेलं.

प्लास्टर निघाल्यावर आईने खाली अंगणात जायचा हट्ट धरला. जिना तेवीस पायऱ्यांचा. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. तो एक पायरी खाली, उलट्या पावलांनी, दोन्ही हात पसरून, पण तिला न शिवता. शेजारची दारं उघडली.

खाली पोचून ती उन्हात कट्ट्यावर बसली, धापा टाकत. मग वर बघून म्हणाली, “अरे देवा. आता चढायचंय होय?”

“हो.”

“बरं. मग आधी जरा बसू.”

तो तिच्याशेजारी बसला. दोघांनाही कुठलीच घाई नव्हती.