पडद्यामागचा चहा

ज्या माणसाने सगळ्या गल्लीची डोकेदुखी घालवली, त्याचंच डोकं एके दिवशी दुखायला लागलं आणि थांबायचं नावच घेईना. आता यात हसण्यासारखं काय आहे? पण गल्ली हसली.

नंबरकाका म्हणजे गल्लीतले चष्मेवाले. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटी इतकी जुनी की ती वाचायला आधी आत जाऊन चष्मा करून घ्यावा लागला असता. "डोकं दुखतंय? नंबर असणार!" हे त्यांचं ठरलेलं निदान. सर्दी झालेला येवो, परीक्षेला घाबरलेला येवो की सासूशी भांडून आलेली येवो, काका त्याला उंच स्टुलावर बसवणार, चाचणीची जाडजूड फ्रेम नाकावर चढवणार आणि काचा बदलत विचारणार, "ही बरी की ही?" शेवटी माणूस कंटाळून म्हणायचा, "ही बरी," आणि खरोखरच बरा व्हायचा. निदान दुकानातून बाहेर पडेपर्यंत तरी.

माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला झाकण नाही. त्यात धंदाही असा की चष्म्याच्या काड्या कानामागे नीट बसवायच्या तर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर वीतभर अंतरावर तोंड न्यावं लागतं. इतक्या जवळून दोन माणसांनी गप्प राहायचं म्हणजे फार अवघड. म्हणून काका बोलायचे, आणि बोलायला हाताशी विषय असायचा तो आधीच्या गिऱ्हाइकाचा. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाच्या दातांची कवळी आहे, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, हे सगळं चष्म्याबरोबर फुकट मिळायचं. त्यात दुष्टावा नव्हता. बातमी पोटात ठेवली की काकांना अपचन व्हायचं, इतकंच.

डोकं दुखायचं ते संध्याकाळी. दुकानात दिवे लागायच्या सुमाराला डाव्या कानशिलात कुणीतरी बारीक स्क्रू पिळायला सुरुवात करायचं. काकांनी अर्थातच आधी स्वतःचा नंबर काढला. नवा चष्मा केला. मग दुसरा केला. मग निळसर काचांचा तिसरा केला, तो लावून ते घरी गेले तेव्हा काकूंनी दार अर्धवटच उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

गिऱ्हाइकं टोमणे मारायला लागली. "काका, आधी स्वतःचं डोकं बसवा, मग माझा चष्मा बसवा." टोमण्यांचं एक वेळ ठीक, पण हात चुकायला लागला. शाळेतल्या एका बाईंच्या चष्म्यात त्यांनी डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. बाई मुकाट्याने तो चष्मा घालून शिकवत राहिल्या, कारण "काकांनी केलाय म्हणजे बरोबरच असणार." हे कळल्यावर काकांना रडूच आलं. गल्लीने त्यांच्यावर ठेवलेला विश्वास हेच त्यांचं भांडवल होतं, आणि ते आता कानशिलातून गळून चाललं होतं.

डॉक्टरीणबाई त्यांच्याच गिऱ्हाईक. त्यांनी रक्तदाब पाहिला, डोक्याचे एक्स-रे काढायला लावले, सगळं ठीक निघालं. मग काकांनीच बनवलेल्या चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "काही लोकांना खाण्यापिण्यातल्या एखाद्या गोष्टीनेही होतं. एकेक पदार्थ बंद करून बघा. चहा किती घेता?"

"चहा कुठे? सकाळी घरी एक कप."

हे काका खोटं बोलले नाहीत. दुपारचा चहा त्यांनी मोजलाच नाही. तो चहा नव्हताच मुळी, ती स्माइलची भेट होती.

स्माइल म्हणजे शेजारचा फोटोवाला. मधे फक्त लाकडी फळ्यांची भिंत. "जरा स्माइल द्या" असं येईल त्याला सांगून सांगून हेच त्याचं नाव पडलं, आणि स्वतः तो क्वचितच हसायचा. दोघांची जुनी कुरबूर होती. काकांनी जिवापाड बसवलेला चष्मा स्माइल फोटोच्या वेळी काढायला लावायचा. "चमकतो रे तुझा माल!" असं तो म्हणायचा. काका फळीपलीकडून ओरडायचे, "माणसं तुझ्या फोटोत ओळखू येत नाहीत ती म्हणूनच!" दुपारी काम कमी झालं की काका फळीवर टकटक करून पलीकडे जायचे. काळ्या पडद्यामागे विजेच्या शेगडीवर स्माइल चहा करायचा आणि दोघं त्याच पडद्याआड बसून तो प्यायचे. लग्नाआधीपासूनचा हा क्रम. काकांच्या लेखी तो श्वास घेण्यासारखा होता, आणि श्वास बंद करून बघा असं काही डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या.

मग बंद्या सुरू झाल्या. चॉकलेट बंद, चीज बंद, लोणचं बंद, संत्री बंद, टोमॅटो बंद. प्रत्येक बंदीची घोषणा दुकानात व्हायची. "आजपासून केळं नाही!" असं काका अशा थाटात सांगायचे की गिऱ्हाइकाला वाटावं, केळ्यांचंच आता कसं होणार.

शेवटी पाळी आली दह्यावर. काकूंचं दही म्हणजे घरातली एकमेव गोष्ट, जिच्याबद्दल काकू बढाई मारायच्या. विरजण त्यांच्या आईच्या घरून आलेलं. शेजारपाजारच्या बायका वाटी घेऊन न्यायला यायच्या. काकांनी दही बंद केलं आणि योगायोग असा, त्याच सुमाराला स्माइल बायकोला घेऊन मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेला. डोकं दुखायचं थांबलं! पहिल्या संध्याकाळी काकांनी विश्वास ठेवला नाही. पाठोपाठच्या संध्याकाळीही कानशील गार. मग मात्र ते दुकानाच्या पायरीवर उभं राहून जाहीर करते झाले, "सापडला चोर! घरातच होता. आमच्या हिचं दही!"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी एकही वाटी आली नाही. काकूंनी भांडं घासून पालथं घातलं आणि विरजण मोरीत ओतून दिलं. तोंडाने एक शब्द काढला नाही. काकांना वाटलं, किती समजूतदार बाई आहे.

स्माइल परत आला, आजोबा होऊन. चहा झाला, नातीचे फोटो झाले, आणि दिवे लागायच्या वेळी स्क्रू पुन्हा पिळायला लागला.

काका घरी गेले ते फौजदारासारखे. "खरं सांग, कशात घातलंस दही?"

"काय?"

"भाजीत घातलंस? पिठात? माझं डोकं खोटं बोलत नाही."

काकू हातातली परात खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, बायको विष घालते म्हणा ना सरळ. पायरीवर उभे राहून म्हणा. लोकांना ऐकू जाईल." त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. "ताट वाढलंय" हे त्या भिंतीला सांगायच्या, आणि भिंतीच्या वतीने काका येऊन जेवायचे.

अशा अवस्थेत एका दुपारी ते पलीकडे गेले, तर स्माइल कामात. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आली होती आणि बाळ काही केल्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. स्माइल गुडघ्यावर बसून खुळखुळा वाजवत होता.

"आज मी करतो चहा," काका म्हणाले.

"नको नको, मी आलोच!" स्माइल जरा जास्तच घाईने म्हणाला. पण तेवढ्यात बाळाने मान वळवली आणि त्याला कॅमेऱ्याकडे धावावं लागलं.

काकांनी पडद्यामागे पाणी ठेवलं, पावडर टाकली आणि साखरेची बरणी उघडली. साखर दगड झाली होती. चमचा तिच्यात असा रुतला होता की उचलला तर बरणीच उचलली गेली. या बरणीत कित्येक महिन्यांत कुणी हात घातलेला नव्हता. मग रोजचा चहा गोड कशाने होतो? शेजारी फिल्मच्या रिळाची काळी डबी होती. काकांनी ती हलवली. खुळखुळली. आत पांढऱ्या, मसुरीएवढ्या गोळ्या. एक जिभेवर ठेवली. तोच गोडवा, घशात रेंगाळणारा. "आज चहा वेगळा लागतोय रे," असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. "दूध बदललंय," स्माइल म्हणाला होता.

काका एका हातात बरणी आणि एका हातात डबी घेऊन पडद्याबाहेर आले. स्माइलने बघितलं आणि त्याचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा झाला.

"हे काय आहे?" काका कुजबुजले. गिऱ्हाइकासमोर ओरडता येत नव्हतं.

"नंतर," स्माइल तोंड न हलवता म्हणाला. "हं बाळ, इकडे!"

"शुगर झालीय तुला?"

"हळू बोल रे! हो. वर्ष होत आलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला? माझं हर्नियाचं ऑपरेशन आठवतं? टाके ओले होते, आणि दूधवाला मला विचारत होता, खोकताना दुखतं का! लग्नाच्या फोटोंची कामं आहेत माझी. आजारी माणसाला कोण बोलावतं? बाळा, टिक टिक बघ!"

"पण माझ्या कपात कशाला?"

"भांडं एकच आहे. तुला वेगळी साखर घातली असती तर तू विचारलं असतंस, तुझ्या कपात का नाही."

हे उत्तर काकांना पटलंसुद्धा. पण चष्मेवाला माणूस. एक काच बरी दिसली तरी दुसरी लावून बघायची सवय. "तू परगावी होतास तेव्हा डोकं थांबलं होतं, हे मी तुला आल्या आल्या सांगितलं. तेव्हाही तुझ्या लक्षात आलं नाही?"

स्माइल कॅमेऱ्याआड वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"आलं होतं," तो शेवटी म्हणाला. "शंका आली होती."

"तरी करत राहिलास चहा?"

"आज सांगतो, उद्या सांगतो करता करता... कुणाला बोलू नकोस रे."

काका रागाने असे लाल झाले, की बाळाला त्यांचा चेहरा फार आवडला. ते खदखदून हसलं. "काढा, काढा, आत्ताच काढा!" आई ओरडली. स्माइलने फोटो काढला. उत्तम आला म्हणतात. काका तो बघायला थांबले नाहीत.

घरी काकू भिंतीला "ताट वाढलंय" म्हणाल्या. काका पानावर बसले आणि खाली बघून म्हणाले, "दह्याने नव्हतं दुखत."

काकू कितीतरी दिवसांनी थेट बोलल्या. "मग कशाने?"

जिभेच्या टोकावर होतं. बायकोच्या डोक्यावरचा आळ पुसायला एक वाक्य पुरलं असतं. काका पाणी प्यायले. "ते मला सांगता येणार नाही."

काकूंनी हातातला चमचा ठेवला आणि उठून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "तुम्हाला? सांगता येणार नाही?"

"एकाला शब्द... म्हणजे शब्द दिला नाही, पण त्याने मागितला होता."

"स्माइलभावजींची शुगर होय?"

काकांचा घास हातात राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांच्या बायकोने, केव्हाच. पण शुगरचा आणि तुमच्या डोक्याचा काय संबंध?"

काकांनी चहात साखरेऐवजी पडणाऱ्या गोळ्यांचं सांगितलं. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई! आम्हाला वाटायचं, भावजी बिनसाखरेचा पितात."

"आम्हाला म्हणजे?"

"सगळ्यांनाच."

"दूधवाल्याला माहीत आहे?"

"हो."

"औषधवाल्याला?"

"शुगरच्या गोळ्या तोच देतो."

"त्या शाळेतल्या बाई?"

"त्यांनीच तर कुठली पथ्यं पाळायची ते समजावलं. अहो, भावजींच्या बायकोने सगळ्यांना बजावलं होतं, फक्त तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही म्हणून. आणि कुणी जाऊ दिलं नाही हो. गल्ली चांगली आहे आपली."

म्हणजे ज्या गल्लीत एक गोष्ट टिकत नाही असं काकांना वाटायचं, तिने वर्षभर एक गुपित पोटात ठेवलं होतं. रोज कुणीतरी त्यांच्यासमोर वीतभर अंतरावर बसत होतं, त्यांच्या गप्पा ऐकत होतं, आणि आपलं पोट घट्ट धरून चष्मा लावून जात होतं. काकांनी पहिल्यांदाच मोठ्या जिकिरीने तोंड आवरलं, तर ते आवरून झाकायला काही उरलंच नव्हतं. त्या संध्याकाळी डोकं अजिबात दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान डोकं धरून बसायला एक कारण मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली. "काय म्हणतंय डोकं, काका?" काका म्हणायचे, "वर बघा. आता खाली." एवढंच. लोक चष्मा घेऊन पटकन उठायला लागले. कुणालाच त्या वीतभर शांततेत बसवेना.

दुपारी फळीवर पलीकडून टकटक झाली. काका काचा पुसत राहिले. थोड्या वेळाने स्माइल स्वतःच दारात आला, स्वतःचा चष्मा हातात धरून.

"सैल झालाय."

काकांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. चष्मा सैल नव्हता. तरी त्यांनी स्क्रू आवळला आणि काड्या कानामागे बसवायला पुढे वाकले. दोघांची नाकं समोरासमोर आली.

"बोल की रे काहीतरी. शिव्या दे."

"काय बोलू? तुम्हाला सगळ्यांना सगळं माहीत असतं. माहीत नसतं ते मला."

स्माइलने डोळे मिटले. "डाव्या पायाला मुंग्या येतात. गेले काही दिवस. रात्री पाय जागेवर आहे की नाही तेच कळत नाही. हे कुणाला माहीत नाही. घरीसुद्धा नाही."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. हे खरं, की आपल्याला राजी करायला शोधलेलं? काल सकाळपर्यंत हा प्रश्नच त्यांना पडला नसता. आज पडला, आणि तो विचारता येणार नाही हेही कळलं. त्यांनी खाली वाकून स्माइलच्या डाव्या पायातली चप्पल काढली आणि हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर त्याच्या अंगठ्याला हळूच टोचला. स्माइल समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसला होता. त्याने पाय ओढला नाही. काकांनी पुन्हा टोचून बघितलं. त्याला पत्ताच नव्हता.

"ऊठ," काका म्हणाले, आणि त्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं.

दोघं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याकडे निघाले. काका दोन पावलं पुढे चालत होते, त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते, पण मागच्या चपलेचा आवाज मंदावला की थांबत होते. कोपऱ्यावर दूधवाला भेटला. "काय काका, दुकान बंद करून दोघं कुठे?"

"असंच," काका म्हणाले.