हुमल्यांचे साकव

नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी सासूबाईंच्या बावीस काजूंचे राखणदार मारून टाकले. सगळेच्या सगळे. वर त्या पराक्रमाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘स्वच्छ बाग, सुंदर बाग’. सोळा जणांनी अंगठे दाखवले. नातीने नाचणारी बाई पाठवली.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे अगदीच कोवळी. आयुष्य सरकारी कचेरीत फायली सरळ लावण्यात गेलेलं. जगात जे काही वाकडं, लोंबतं किंवा चावरं आहे ते केवळ कुणी लक्ष न दिल्यामुळे तसं राहिलंय, अशी माझी पक्की समजूत. आणि आमच्या बागेत तिन्ही गोष्टी होत्या. सासूबाईंनी प्रत्येक झाडापासून पुढच्या झाडापर्यंत सुंभ बांधलेलं होतं, जुनं, काळं पडलेलं, मध्येच झोळ आलेलं. काजूंच्या बुंध्याशी बांगड्याची डोकी टाकलेली. आणि फांदीफांदीवर हुमले. हुमले म्हणजे आमच्याकडच्या लांब पायांच्या तांबड्या मुंग्या. हिरवी पानं एकमेकांना शिवून चेंडूएवढं घरटं करतात आणि जवळ जाणाऱ्याला असे चावतात की माणूस आपली सगळी सभ्यता विसरतो.

सासूबाई आठ दिवस लेकीकडे मिठबावला गेल्या, तेवढ्यात मी कामाला लागले. सुंभं कापून पेटवली. बांगड्याची डोकी खड्ड्यात पुरली. नाकाला पदर बांधून मुंग्यांच्या पावडरीचे दोन डबे झाडांवर रिकामे केले. संध्याकाळी झाडांखाली तांबडा सडा पडला होता आणि मी कमरेवर हात ठेवून, देशाची सीमा राखून आल्यासारखी उभी होते.

सासूबाई परत आल्या. ऐंशी वर्षांच्या, काठी टेकत थेट बागेत गेल्या.

“माजे साकव खंय गेले?”

साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. मला वाटलं, प्रवासाने म्हातारीचं डोकं फिरलं. “आई, बागेत कुठला आलाय साकव?”

“हुमल्यांचे गो. ह्या झाडावयल्यान त्या झाडार जावक.”

मी हसले. खरंच हसले. मुंग्यांसाठी पूल! मी म्हटलं, “आई, मुंग्याच नाहीत आता. बाग स्वच्छ केली.”

सासूबाई पहिल्या काजूच्या खोडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ही बावीस झाडं त्यांनी बिया रुजवून, डोक्यावरून पाणी आणून वाढवलेली. मग एवढंच म्हणाल्या, “आता मोहर राखतलो कोण? कचेरीतलो शिपाय?”

माझी मालवणी नोकरीत पार इस्त्री होऊन गेलेली, त्यामुळे टोमणासुद्धा मला उशिरा कळला. दोन महिन्यांनी कळला. पालवी फुटली, मोहर आला, आणि ढेकण्या नावाचा कीटक आला. बारीकसा, डासासारखा. कोवळ्या देठात सोंड खुपसून रस पितो. आठवड्याभरात मोहर असा काळा झाला, जणू कुणी प्रत्येक तुऱ्याला उदबत्तीचे चटके दिले होते. हा ढेकण्या पूर्वीही यायचा. हुमले त्याला तुऱ्यावर बसू देत नसत, बसलाच तर खाऊन टाकत. ते माहीत असलेली एकमेव बाई माझ्याच घरात राहत होती, आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं.

आता मी शहाणी झाले होते, म्हणून दुकानात जाऊन दुसरं औषध आणलं. फवारणीचं. सासूबाई पायरीवर बसून होत्या.

“ह्या कित्याक?”

“मोहरावर मारायला.”

“मार. मोहरार माशये बसतत, त्येय मरतले. मगे काजी धरतल्यो कशे? तू गुणगुणत फिर फुलाफुलार.”

मधमाश्यांचं काम मला जमणारं नव्हतं; बाटली मी परत केली. त्या वर्षी बावीस झाडांवर मिळून जेमतेम एका उसळीपुरत्या बिया आल्या. सासूबाईंनी ती उसळ केली, सगळ्यांना वाढली आणि म्हणाल्या, “माज्या डोळ्यादेखत काजी सुकवू नको गो. माजा झाल्यावर काय करूचा ता कर.”  तेव्हा मी ठरवलं की पुढचा मोहर यायच्या आत हुमले परत आणायचे.

पण आणायचे कुठून? माझ्या लहानपणी झाडाला हात लावला की हुमला चावलाच समजायचं. आता पाच वाड्या हिंडले, एक हुमला नाही. ज्याच्या त्याच्या बागेत बाटल्या. ढेकण्यासाठी एक, त्या बाटलीने किडी खाणारे कोळी मेले म्हणून वाढलेल्या किडीसाठी दुसरी. मला वाटत होतं वेडेपणा मी एकटीने केला; सगळा डोंगर माझ्या आधीच कामाला लागलेला होता, फक्त फोटो कुणी टाकला नव्हता.

शेवटी वालावलच्या वाटेवर एक बाग सापडली. एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षिकेची. गाव त्यांना टीचर म्हणतं. त्यांच्या फाटकाला हात लावला आणि चावला! मी आनंदाने किंचाळले, हसत सुटले. टीचर धावत आल्या.

“कित्या हसतंस गो? चावलो मां?”

“चावला! टीचर, मला हुमले हवेत.”

मी सगळं सांगितलं. पावडरीपाशी आल्यावर त्यांनी छातीवर क्रूस केला. “अरे सायबा! दोन डबे?” मग वर्गात उभं करतात तसं मला झाडाखाली उभं केलं आणि रीत सांगितली. पहाटेच्या गारव्यात हुमले सुस्त असतात. तेव्हा घरटं फांदीसकट कापायचं, पिशवीत घालायचं आणि तोंड घट्ट बांधायचं.

पिशव्या म्हणून मी उशीचे दोन अभ्रे नेले होते. स्वतः भरतकाम केलेले, गुलाबाची फुलं असलेले. दोन्ही भरले, बांधले आणि रिक्षात बसले. उन्हं वर आली तशी हुमल्यांची सुस्ती गेली आणि माझी गाठ सुटली. रिक्षावाल्याने आधी मान खाजवली. मग पाठ.

“काकी, तुमच्या उशेत काय आसा?”

“हुमले.”

“उशेत?”

एवढं बोलून त्याने भर रस्त्यात रिक्षा थांबवली, उडी मारली आणि शर्ट काढून झटकायला लागला. मीही उतरले. एक हुमला कानात शिरायच्या बेतात, दोन मानेवर, बाकीचे कुठे होते ते लिहिण्यासारखं नाही. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला नाचत होतो. तेवढ्यात तारकर्लीला निघालेली पर्यटकांची गाडी थांबली. काच खाली करून एका बाईंनी विचारलं, “आज इथे कसला उत्सव आहे का?”

“हो,” मी एका पायावर उडी मारत म्हणाले, “हुमलोत्सव!”

त्यांनी व्हिडिओ काढला. टाळ्या वाजवल्या. तो रिक्षावाला आजही माझ्या हातात पिशवी दिसली की आधी तिला हुंगतो, मग मला बसवतो.

गाठ सुटलेला अभ्रा रस्त्यावरच रिकामा झाला. दुसरा शाबूत पोचला. एक अभ्रा कमी पडेल म्हणून मी अतिहुशारीने कुणी न फवारलेल्या आणि मला आधी न सुचलेल्या देवळामागच्या रानातून आणखी एक घरटं आणलं आणि दोन्ही एकाच काजूवर टांगली. अर्ध्या तासात युद्ध सुरू झालं. टीचरकडचे हुमले देवळाकडच्यांचे पाय ओढत होते, देवळाकडचे त्यांची डोकी. वरून टपाटप मेलेले पडत होते. सासूबाईंनी खुर्ची मागवली आणि समोर बसून बघत राहिल्या.

“दोन घरातले एका झाडार घालूचे नसतत गो. तुका कोणी सांगला नाय?”

“तुम्ही सांगितलं नाहीत!”

“तू इचारलंस खंय?”

बरोबर होतं. मी खाली बसले आणि विचारलं. पहिल्यांदाच. त्यांनी सगळं सांगितलं. एकाच वसाहतीतली घरटी घ्यायची, मोठं घरटं चुकवायचं नाही, त्यात राणी असते. नव्या जागी टिकेपर्यंत त्यांना मासळीची डोकी घालायची. आणि साकव मात्र पहिल्या दिवसापासून हवेत, कारण एका झाडात मावले नाहीत की ते जमिनीवरून जातात आणि जमिनीवर त्यांना दुसऱ्या मुंग्या फाडून खातात.

देवळाकडचं घरटं मी रानात परत नेऊन टांगलं. पुढच्या पहाटे टीचर स्वतः घरटी घेऊन आल्या. या वेळी अभ्रे नाहीत, गोणपाट आणि सुतळी, आणि गाठ टीचरनी मारलेली. मालवणच्या मासळीबाजारात मी बांगड्याची डोकी मागत फिरले. कोळणींना वाटलं, निवृत्तीनंतर बाईचं हे असं झालं. एकीने मला थाळीभर डोकी दिली आणि वर कीव म्हणून एक अख्खा बांगडा. नवं सुंभ आणलं. शिडी लावून एकेका झाडाला साकव बांधत गेले आणि सासूबाई खालून ओरडत राहिल्या, “ढिला ठेव! ताणू नको! वाऱ्यान तुटात!”

पंधरा दिवस काही दिसलं नाही. मी रोज उठून बघायची, जसं परीक्षा दिलेलं पोर निकाल बघतं. पालवी फुटायला लागली होती. ढेकण्या आता कधीही आला असता. हुमले टिकले नसते तर पुन्हा बाटली, नाहीतर काळा मोहर, आणि ते बघायला सासूबाई पायरीवर बसलेल्या.

मग एका सकाळी मी शिडीवर होते, सतराव्या झाडावर सुटलेला साकव पुन्हा बांधत. माझ्या नाकासमोरून, सुंभावरून एक हुमला गेला. त्याच्यामागे दुसरा. मग रांगच. तोंडात काही ना काही धरून, ऑफिस सुटल्यासारखे लगबगीने. मी वाकून पाहिलं. फांदीच्या टोकाला दोन कोवळी पानं एकमेकांकडे ओढली जात होती. सात-आठ हुमले एकमेकांची कंबर धरून ती शिवायला घेत होते.

“आई!” मी ओरडले. “आई, या! आले!”

सासूबाई काठी टाकून आल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ हात वर केला आणि फांदी धरली. क्षणभर काही नाही. मग त्यांनी हात झटकला, बोट तोंडात घातलं आणि खदखदून हसायला लागल्या. एक्याऐंशीव्या वर्षी, दात नसलेल्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही वर शिडीवर हसत होते. शिडी हलत होती. सासूबाईंनी ते बोट मला दाखवलं आणि म्हणाल्या,

“बरो चावलो! आता तू खाली उतर गो बाय, तुका बघून परत पळान जातले.”