खिडकीवाल्या काकूंचं बोट

गल्लीच्या तोंडाशी कुणालाही विचारा, "खिडकीवाल्या काकू कुठे राहतात?" लगेच घर दाखवतील. खरं तर काकूंच्या घराला इतरांपेक्षा एक खिडकी कमीच आहे. नाव पडलं ते त्यांच्या बिस्किटांवरून. पीठ लाटून साच्याने चांदण्या, मासे, घरं कापायची, त्यांच्या पोटात छोट्या साच्याने भोक पाडायचं आणि त्यात रंगीत गोळ्यांचा चुरा भरून भाजायचं. ओव्हनमध्ये चुरा वितळतो आणि गार झाला की त्याची लाल, हिरवी, पिवळी काच होते. मुलं आधी त्या काचेतून एकमेकांकडे बघतात आणि मग खिडकीच खाऊन टाकतात.

सगळी मेख असते ती गार होण्यात. घाई करून उचललं की मधली काच लोंबते आणि मेहनत पाण्यात जाते. काकूंच्या स्वयंपाकघरात घड्याळ होतं, पण त्यांचा भरवसा होता उजव्या हाताच्या बोटावर. बोट काचेजवळ न्यायचं. ऊब लागली तर मागे घ्यायचं, नाही लागली तर अलगद टेकवायचं आणि मग बिस्कीट उचलायचं. इतक्या वर्षांत बोटाने कधी दगा दिला नव्हता.

घरात त्या आणि सून, दोघीच. मुलगा नोकरीसाठी परगावी. सून हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती, आणि कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. म्हणून परवा तिनेच विचारलं तेव्हा काकू हरखून गेल्या.

"आई, वॉर्डाच्या खिडकीत टांगायला थोडी बिस्किटं द्याल? पोरं दिवसभर नुसती भिंतीकडे बघत पडलेली असतात."

त्या दिवशी सून ड्यूटीवर असताना काकूंनी पहिला ट्रे भाजून बाहेर काढला. थोड्या वेळाने बोट जवळ नेलं. ऊब लागली नाही. टेकवलं, तरी काही जाणवेना, म्हणून जरा दाबलं. असं एकेक करत त्यांनी सगळा ट्रे तपासला. मग लाल पोटाचा एक मासा उचलून खिडकीशी उजेडात धरला आणि त्यांचा हात तसाच राहिला.

काचेत बोटाचा ठसा उमटला होता. रेघ न् रेघ मोजून घ्यावी इतका स्पष्ट. ट्रेमधल्या सगळ्याच काचांत तो होता. काकूंनी बोट वळवून पाहिलं तर टोकाला टम्म फोड आलेला. आपण भाजलोय हे त्यांना कळलंच नव्हतं.

तशी कुणकुण होतीच. बटण काजात गेलं की नाही हे हल्ली डोळ्यांनी बघावं लागे. सुई हातातून पडे आणि त्या आपल्या धरल्यासारखी बोटं करून बसत. डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढलीय, बोटं बधिर होतील म्हणून केव्हाच बजावलं होतं. पण सुनेपाशी त्यांनी यातला चकार शब्द काढला नव्हता, आणि त्याला कारण होतं काका.

काकांना चक्कर यायला लागली तेव्हा सुनेने त्यांची सायकल बंद केली. तिचं बरोबरच होतं, कुणीही तेच केलं असतं. पण काका खुर्चीत बसले ते बसलेच. आधी बाजार सुटला, मग गप्पा, मग तर जेवताना मीठ मागणंही सुटलं. वर्षाच्या आत गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. काकूंचं म्हणणं, सायकल नेली म्हणून माणूस गेला. आता ओव्हन गेला तर ती खुर्ची आपलीच, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्या घाबरल्या.

आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच त्यांनी केलं, भलतंच काहीतरी. ठसे मिटावेत म्हणून ट्रे पुन्हा ओव्हनमध्ये ढकलला. साखर दुसऱ्यांदा तापली, तिला बुडबुडे आले, हिरव्याचं शेवाळ झालं आणि पिवळ्याचा चहा. करपट वास घरभर पसरला. काकूंनी सगळा माल कचऱ्याच्या डब्यात लोटला, वर भाजीची सालं पसरली आणि नव्याने पीठ लाटायला घेतलं.

दुसरा ट्रे छान झाला. पण गार झाला की नाही, हे कुणाला विचारायचं? डावा हातही तसलाच निघाला. शेवटी त्या ओणव्या झाल्या आणि त्यांनी गाल ट्रेजवळ नेला. नेमकं तेव्हाच दार उघडलं.

"आई, काय करताय?"

"वास बघतेय."

"करपलंय काही?"

"दूध उतू गेलं," काकू म्हणाल्या आणि हात ॲप्रनच्या खिशात घातला.

सुनेने पिशवी ठेवली आणि खिडकी उघडायला गेली. कठड्यावर लाल मासा पडला होता. मघाशी काकूंनी उजेडात धरलेला, तिथेच विसरलेला. तिने तो उचलला, उजेडात धरला आणि काचेतला ठसा निरखून पाहिला.

"हात बघू."

"कशाला?"

"आई, हात."

या आवाजापुढे वॉर्डातली पोरं कडू औषध पितात. काकूंनी हात टेबलावर ठेवला. सून समोर खुर्ची ओढून बसली.

"डोळे मिटा. मी कुठल्या बोटाला हात लावते ते सांगायचं."

काकूंनी डोळे गच्च मिटले. काहीच कळेना. गप्प राहिलं तर ओव्हन गेलाच.

"अंगठा," त्या म्हणाल्या.

सून काही बोलली नाही, म्हणजे बरोबर असणार.

"आता मधलं. आता करंगळी. बघ, सगळं कळतंय मला! उगाच घाबरवतेस."

उत्तर येईना तशी त्यांनी डोळे उघडले. सून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचे डोळे भरले होते.

"आई, मी अजून हात लावलाच नाहीये."

काकूंचं तोंड एवढंसं झालं.

"ओव्हन बंद करणार ना माझा?"

"उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी रजा टाकते."

"मी ओव्हनचं विचारतेय."

सून उठून ट्रेपाशी गेली. "बाबांना मी नुसतं नको म्हणून मोकळी झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "दुसरं काही सुचलंच नाही तेव्हा. आता मी घरी असेन तेव्हाच ओव्हन लावायचा. आणि गार झालं की नाही, ते मी बघणार."

"अगं थांब, आधी नुसतं जवळ ने—"

पण तिने हिरव्या काचेवर बोट टेकवलंही होतं. "आई गं!" म्हणत तिने हात झटकला आणि बोट तोंडात घातलं.

"भाजलं?"

"भाजलं ना!"

काकूंनी तिचा हात धरून नळाखाली नेला आणि पाणी सोडलं. त्या लाल झालेल्या बोटाकडे बघताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सुनेचा हेवा वाटला. पाणी त्यांच्याही हातावरून वाहत होतं.

"गार आहे ना गं पाणी?" त्यांनी विचारलं.