घट्टकाकांचं पुढचं चाक

घट्टकाकांच्या घरी कुठल्याही बरणीचं झाकण काकूंच्या हाताने उघडत नसे. काकांनी एकदा लावलं की लावलं. "अहो, घरात चोर शिरलेत का?" असं म्हणत काकू बरणी त्यांच्यापुढे धरायच्या. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. तिथे एखादा नट जरा जरी ढिला राहिला, तरी ते पाप. नाव तिथेच पडलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरी आलं.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. काकांनी विमान केलं. दोन माणसं बसतील एवढंसं, गवताच्या धावपट्टीलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सात वर्षं खपून. लेक विमान चालवायला शिकलेली. पहिलं उड्डाण तीच करणार होती.

शेजारच्या शेडमध्ये मास्तर होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच आराखड्यावरून विमान बांधलं आणि काकांच्या आधी उडवलंही. पण गेल्या वर्षी उतरताना त्यांचं पुढचं चाक गवतात अडलं, चाकाचा पाय मागे दुमडला, नाक मातीत रुतलं आणि विमान उताणं पडलं. मास्तर वाचले ही देवाचीच कृपा. मान मात्र तेव्हापासून डावीकडे वळत नाही.

"मास्तरांचा हात जड आहे," काका तेव्हा चारचौघांत बोलून गेले होते. "नाक आपटलं असणार. चाकाला काय धाड भरलीय? ते मी स्वतः आवळून दिलंय."

बोलणं मास्तरांच्या कानावर गेलं. ते भांडले नाहीत. फक्त चहाला यायचे बंद झाले.

उड्डाणाच्या सकाळी विमान पाहून परवानगी देणारे तपासनीस आले. धूळ उडू नये म्हणून काकूंनी शेडपुढे पाणी मारून ठेवलं होतं. बापलेकींनी विमान ढकलत बाहेर काढलं. काकांनी सहज मागे वळून पाहिलं आणि ते तिथेच थांबले. मागच्या दोन चाकांचे नक्षीदार ठसे मातीत स्पष्ट उमटले होते. मधे, पुढच्या चाकाच्या वाटेवर, ठसा नव्हताच. नुसता फराटा होता. चाक फिरत कमी आणि घसटत जास्त होतं.

"कागद सगळे ठीक आहेत काका," तपासनीस म्हणाले. "सही करू ना?"

लेक आत बसायच्या बेतात होती. माती ओली आहे, एवढं म्हटलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं.

"आज नको," ते म्हणाले. "पुढचं चाक अडतंय. मीच जास्त आवळलंय."

"बाबा, तुम्ही?" हसावं की रडावं, लेकीला कळेना.

चाक उतरवलं तेव्हा सगळा उलगडा झाला. नट आवळला की त्याचा दाब सरळ बेअरिंगवर जात होता. नाक उचलून हाताने फिरवलं की चाक जड लागे आणि काकांना त्या जडपणात पक्केपणा वाटे. पण विमान वेगाने उतरलं आणि त्यात गवताने धरलं, की न फिरणारं चाक पायाला मागे ओढणारच. त्यांच्या हातातला पाना तोच होता, ज्याने मास्तरांचं चाक आवळलं होतं.

ते तडक शेजारच्या शेडमध्ये गेले. मोडकं चाक अजून फळीवर होतं. उघडून पाहिलं, तर बेअरिंग तापून निळसर पडलेलं.

"मास्तर, तुमचा हात जड नव्हता. माझा होता."

मान वळत नाही म्हणून मास्तर अख्खे वळले.

"शाळेत असतात तर बाकावर उभं केलं असतं."

"करा."

"गुडघे धरतील का तुमचे? बसा त्यापेक्षा. आता करायचं काय, ते बोला."

काकांनी लेथवर एक पोलादी नळकांडं कातलं, दोन बेअरिंगांच्या मधे बरोबर बसणारं. म्हणजे नट आवळला तरी दाब नळकांड्याने घ्यायचा आणि चाकाने मोकळं फिरायचं. केसभर लांब किंवा आखूड चालत नाही. चार वाया गेली. चाक धरणाऱ्या फोर्कचं खालचं टोक गवतात रुतू नये म्हणून तेही दोन बोटं वर घेतलं. सगळं दोन-दोन केलं. पहिला जोड दुरुस्तीला उभ्या असलेल्या मास्तरांच्या विमानाला बसवला, मग स्वतःच्या.

पुन्हा तपासनीस आले, पुन्हा काकूंनी पाणी मारलं. मास्तर गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि मातीतले ठसे वही तपासावी तसे पाहू लागले. तिन्ही सारखे होते.

"जाऊ द्या पोरीला," ते म्हणाले.

विमान वर गेलं, दोन फेऱ्या झाल्या, उतरायला लागलं. काकांनी डोळे मिटून घेतले. काकूंचे हात केव्हाचे जोडलेले होते.

"मागची टेकली," मास्तर शेजारून सांगू लागले. "नाक धरून ठेवलंय वर. शहाणी आहे. अजून वरच आहे... आता टेकलं. फिरतंय हो, फिरतंय. उघडा डोळे."

काकांनी डोळे उघडले, पण त्यांना धड काही दिसेना.

"चहा आणलाय ना वहिनी?" मास्तरांनी विचारलं.

काकूंनी थर्मास पुढे केला. मास्तरांनी झाकण फिरवून पाहिलं, तपासनीसांनीही पाहिलं. शेवटी थर्मास मुकाट्याने काकांच्या हातात आला.