कोल्ह्याला हाक मारली, गाव आलं

चहा घ्या आधी. एकदा मी सकाळच्या प्रहरी आख्ख्या गावाच्या काळजाचं पाणी केलं होतं, ते ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे चहाला याल की नाही, सांगता येत नाही.

मी ब्रह्मपुरीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो. काचेच्या नळ्या धुणारा माणूस. मला जंगलाचं वेड कुठून लागलं? मोबाइलमधून.

रोज जेवण झालं की मी एका परदेशी माणसाचे व्हिडिओ बघायचो. तिकडे कोयोट नावाचं जनावर असतं, आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊच म्हणा. हा बाबा झुडपात बसून जखमी सशासारखा ओरडतो आणि कोयोट आयतं जेवण समजून धावत येतो. नवशिक्यांसाठी त्याचे नियमही ठरलेले. वारा तोंडावर घ्या, म्हणजे तुमचा वास पुढे जात नाही. पाठीला झाड असू द्या. ओरडा, मग गप्प राहा. आणि काही झालं तरी हलू नका. पुढे त्याची बंदूक चालते, तो भाग मी बघत नसे. आपल्याकडे कोल्ह्याला धक्का लावला तर जेल आहे, आणि मला तर झुरळही मारवत नाही. मला फक्त एक फोटो पाहिजे होता.

ससा कसा ओरडतो, हे मी फुगेवाल्याच्या पिपाणीवर शिकलो. न्हाणीघरात दार लावून सराव करायचो. बायको एकदा बाहेरून म्हणाली, "पोट दुखून राह्यलं त डॉक्टरकडे काऊन नाई जात तुमी?"

शेवटी मी चिमूर तालुक्यात माझ्या मोठ्या बहिणीच्या गावी गेलो. आम्ही तिला बाई म्हणतो. तिचं घर गावाच्या टोकाला, मागे लगेच जंगल. दिवस मोहफुलांचे होते. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही. त्या दिवसांत गावच्या बाया फटफटायच्या आधीच टोपल्या घेऊन मोहाखाली फुलं वेचत असतात; वर्षाचा पैसा त्यातच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी कुणाला न सांगता निघालो. वारा तोंडावर घेतला, सागाला पाठ लावली, अंगावर पोतं ओढलं आणि पिपाणी फुंकली. मग गप्प. पुन्हा फुंकली. तिसऱ्यांदा तर मी त्यात जीव ओतला. असा ससा त्या जंगलात आजवर मेला नसेल.

तेवढ्यात डावीकडून बायांचा गलका झाला. "धावा जी! बिबट्यानं लेकरू नेलं!"

आता तुम्हाला वाटेल, मला तिथेच कळलं. नाही. मला खरंच वाटलं, बिबट्यानं कुणाचं तरी लेकरू नेलं. पोतं फेकलं आणि धावत बायांपाशी गेलो. तिथे कौसाबाई होत्या, गावातल्या सगळ्यात जुन्या. त्यांची टोपली उपडी पडली होती.

"कुठी नेलं?" मी विचारलं.

"त्या सागाकडं. तीनदा रडलं जी. शेवटी लय जिवाच्या आकांतानं रडलं, अन् मंग एकदम बंद झालं."

तीनदा. सागाकडे. खिशात हात घालून पिपाणी दाबून धरली. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, मान्य आहे. पण तोवर गावातून माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन आली होती आणि कुऱ्हाडवाल्यापुढे कबुली देण्याचा मला सराव नव्हता. मी एक काठी घेतली आणि त्यांच्यासोबत मलाच शोधायला लागलो.

मग कुणीतरी शहाण्यानं म्हटलं, आधी कोणाचं लेकरू गेलं ते पाहा. बाया घरोघरी धावल्या. प्रत्येक आई आपलं पोर छातीशी धरून गावातल्या बुद्धविहारापुढे येऊन उभी राहिली. मी मनात म्हटलं, सुटलो. सगळी असणारच, रडलो तर मी होतो.

एक नव्हतं. माझ्या बहिणीची नात, स्वरा. सहा महिन्यांची.

बाई म्हणाली, "मले वाटलं प्रणालीनं मोहाले संगं नेलं." प्रणाली म्हणजे तिची सून. ती म्हणाली, "मी त तुमच्याजवळ झोपवून गेली, आत्याबाई."

माझ्या डोक्यात काय आलं सांगू? ससा ओरडला की कोल्हाच येतो असं थोडीच आहे. बिबट्याही येतो. मी हाक मारली, तो आला, आणि येताना वाटेत बहिणीचं घर लागलं. टोकाचं घर. मी खाली बसलो.

तेवढ्यात सडकेकडून भाऊजी आले. बाईचे मालक. कानानं कमी. खांद्यावर स्वरा, तिच्या मुठीत त्यांचा कान. नात पहाटे उठली, बाईची झोपमोड नको म्हणून ते तिला पुलावर एसटी दाखवायला घेऊन गेले होते. एवढी गर्दी बघून त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेलं जी?"

प्रणालीनं पोरीला ओढूनच घेतलं. बाई हसत होती आणि डोळे पुसत होती. मी मात्र हमसून हमसून रडलो. कौसाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "लय मायाळू हाय जी बाईचा भाऊ." ते मला काठीपेक्षा जोरात लागलं.

मी तसाच घरी गेलो असतो, खोटं कशाला बोलू. पण कुणीतरी फोन केलेला, त्यामुळे जंगलखात्याचे गार्ड मोटारसायकलवरून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जनावर सापडेपर्यंत आठ दिवस कोणी जंगलात जायचं नाई."

कौसाबाई एवढंच म्हणाल्या, "आठ दिवसात मोह सरते, साहेब."

मी खिशातून पिपाणी काढली. "साहेब, तो मी होतो."

कुणाचा विश्वास बसेना. शेवटी वाजवून दाखवावी लागली. विहारापुढची सगळी लेकरं एकदम रडायला लागली, तेव्हा पटलं. गार्डनी मला चांगलं अर्धा तास झापलं, आणि ते योग्यच होतं. मी कान धरून सगळ्यांची माफी मागितली. खरं सांगतो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पोरगी घरी, जंगल उघडं, आणि पोटात लपवलेलं काही उरलं नाही.

पण गार्डना वही भरायची होती. ते मोठ्यानं वाचत लिहू लागले. "जनावर, मनुष्य. नर. वय सत्तेचाळीस. चष्मा लावतो." मग थांबून त्यांनी विचारलं, "गावाले यापासून धोका?"

कौसाबाईंनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"लिवा साहेब," त्या म्हणाल्या, "डोक्यानं कमी हाय, पन चावत नाई."