सराट्याचा काढा

रेणापूरजवळच्या त्या गावात कुणाच्या कमरेत कळ निघाली की माणूस आधी केवळाबाईचं दार गाठायचा. मुतखड्यावर तिचा सराट्याचा, म्हणजे गोखरूच्या काट्यांचा, काढा. रविवारी, उपाशी पोटी, तांब्याभर. बदल्यात काही घ्यायची नाही बाई; मान मात्र पुरेपूर घ्यायची. "डाक्टर पोट फाडतंय, मी नुस्तं पाजून खडा पाडते," असं चारचौघांत म्हणायची. ठसकाच होता तो.

घरात दुसरं माणूस नव्हतं. होता तो गोलू, पिवळा बोका. पाच वर्षं तिच्या पोटाशी झोपला. तिच्या आधी तो जेवायचा.

एक दिवस गोलू चुलीमागच्या राखेत जाऊन बसू लागला. बसायचा, कुथायचा, ओरडायचा, उठून पुन्हा तिथंच. थेंबभर लाल पडलं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, पोट साफ होत नसेल. केवळाबाईनं बरोबर ओळखलं, खडा हाय. आणि तिथंच घात झाला. हातचं औषध असताना बाई लातूरला कशाला जाईल? सराटे उकळले, बोक्याला फडक्यात गुंडाळलं आणि ड्रॉपरनं काढा पाजला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, वरून पाणी. तो ओकला, तरी पाजला. "सुटंल माझ्या राजा, सुटंल," म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यानं मान टाकली, तेव्हा कुठं टोपलीत घालून ती एसटीनं लातूरला गेली. जनावरांच्या डॉक्टरनं पोट चाचपलं आणि विचारलं, "काय दिलं याला?" तिनं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं, आता काय म्हणावं!

"मावशी, खड्यानं वाट बंद झालीय. लघवी तुंबलीय. अशात वरून पाजत राहिलं की आत अजून तुंबतं. पहिल्या दिवशी आणला असता तर नळी घालून मोकळा केला असता."

"माणसाचंबी असंच अस्तंय का?"

"हो. लघवी बंद पडली की घरी थांबायचंच नाही."

नळी घालायच्या आधीच गोलूनं टेबलावर जीव सोडला.

रविवारी लोक आले, ते तिनं दारातूनच परत पाठवले. "दवाखान्यात जावा," एवढंच बोलली. एका मांजरापायी बाईचं डोकं फिरलं, म्हणून लोक चिडून गेले.

दुपारी शेजारची कावेरीबाई भाकरी घेऊन आली. तिचा नवरा दगडोबा चार वर्षांमागं मुतखड्यानंच गेला होता.

"खावा दोन घास," ती म्हणाली. "तुम्ही काय कमी केलं का त्याला? आमच्या मालकाची लघवी बंद पडली, तवाबी तीन दिस उशाला बसून पाजलंत. दीर जीप घेऊन आल्ता, मीच माघारी धाडला. म्हणलं, केवळाबाई हाय की. लई उपकार हायत तुमचे."

केवळाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. तो तसाच भाकरीवर परत ठेवला. डॉक्टर काय बोलला ते कावेरीबाईला सांगायची हिंमत तिला त्या दिवशी झाली नाही, आणि पुढंही कधी झाली नाही.